देठाकडची फोड

सोमवार, दुकानाला निघण्याआधी

ताई,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, मेसेज वाचता आणि उत्तर देत नाही, आणि तुमच्या भावाला बोटीवर फोन लावून सांगता की 'तिला सांग'. तो बिचारा इंजिनाच्या खोलीत. तिथे शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. अर्धा निरोप माझ्यापर्यंत पोचतो आणि अर्धा समुद्रात पडतो. म्हणून हे पत्र. शाळेत निबंध तपासता तसं लाल पेन हातात घेऊन वाचलंत तरी चालेल, पण वाचा.

निरोप मिळाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुम्ही येणार आणि बाबांना कायमचं तुमच्याकडे नेणार. न्या. मी अडवणारी कोण? लेक तुम्ही, मी तर परक्या घरून आलेली. सुटेन मी, खरं सांगते. सकाळी भाजी, संध्याकाळी भाजी, आणि दोन्ही वेळा ताट पुढे सरकवून तेच एक वाक्य, 'चव कुठे ठेवलीस?' सुनेच्या हातचं सासऱ्याला गोड लागत नाही हे काही मी जगात पहिल्यांदा ऐकत नाही. पण तुम्ही जिन्यात उभ्या राहून जे बोललात, की मी तुमच्या बाबांना उपाशी मारते आहे, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी तर मशीन थांबवून ऐकलं.

मीठ कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं, हे खरं आहे. तुम्ही कपाट उघडायला लावलंत, बाटली सापडली, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं आलं की पकडली चोरी. त्याआधी काय झालं होतं ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. त्यांनी 'अळणी, अळणी' करायचं आणि मी मीठ वाढवायचं, असं करत करत त्यांचं ब्लडप्रेशर इतकं चढलं की डॉक्टरांनी मलाच झापलं. मग मी मीठ कमी केलं, तर ते ताटात वरून घालायला लागले. घालायला म्हणजे काय, ओतायला. म्हणून कुलूप. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही न कळवता आलात, माझी भाजी तोंडात घातलीत आणि म्हणालात, हे तर हॉस्पिटलचं जेवण. होतंच ते. डॉक्टरांनी सांगितलेलं.

असो. गेल्या गोष्टी उगाळून काय मिळणार. मुद्दा वेगळाच आहे. बागेचं काय करणार आहात?

तुमचं घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीत वॉशिंग मशीन आणि कपडे वाळवायचा स्टँड, त्यात फार तर पुदिन्याची एक कुंडी मावेल. इथे मागच्या अंगणात या घडीला टोमॅटो आहेत, दोन प्रकारच्या मिरच्या आहेत, घेवडा मांडवावर चढलाय, जुन्या सिंकमध्ये पालक आहे, आणि कुंपणाला काकडी आणि दुधी. तुमचा फोन झाला त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, 'बघू.' मग मागे गेले, टोमॅटोला लावलेल्या काठ्या सगळ्या उपसल्या आणि त्याच काठ्या त्याच जागी पुन्हा लावत बसले. मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, वाकड्या होत्या. वाकड्या मुळीच नव्हत्या, ताई.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. नसला तरी हरकत नाही, पण बागेचं कळवा.

तुमच्या भावाची बायको


बुधवार, दुकानात, गिऱ्हाईक नाही तोवर

ताई,

बागेबद्दल काही कळवलं नाहीत. नका कळवू. आज मी दुसरंच लिहिणार आहे.

बाबांची पद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. काकडी असो की दुधी, वेलीवरून उतरवली की तिथेच उभ्या उभ्या चाकूनं देठाकडची पातळ फोड काढायची, तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, थुंकायची, आणि म्हणायचं 'पास'. कडू निघाली तर 'नापास', आणि ती खताच्या खड्ड्यात. सगळा जन्म सॉसच्या कारखान्यात चव बघण्यात गेला. ते चाखल्याशिवाय एक कढई बाटलीत उतरली नाही. कामावर जाताना ते मिरचीला शिवत नसत, सिगरेटवाल्याशेजारी बसत नसत. तुम्ही लहानपणी शाळेत सांगायचात ना, माझे बाबा जिभेचे साहेब आहेत म्हणून? मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना किती खूश होते.

तर काल त्यांनी एक काकडी पास केली आणि मला दिली. मी कापली, एक काप तोंडात टाकला, आणि माझा जबडाच आखडला. कडूजहर. मी बेसिनकडे धावले. वळून बघते तर ते दारात उभे, त्याच काकडीचा तुकडा चघळताहेत. शांतपणे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'कशी आहे?'

ते मला कधीच विचारत नाहीत. या घरात आल्यापासून कधी नाही. ते सांगतात आणि आम्ही ऐकतो. मी म्हटलं, बरी आहे. तर म्हणाले, 'हं. गोडच आहे.'

मी चष्म्याच्या दुकानात काम करते हे तुमच्या घरात कुणाला फारसं कौतुकाचं वाटलं नाही, पण तिथे एक गोष्ट रोज दिसते. ज्याला दिसत नाही तो तक्त्यावरची अक्षरं अंदाजानं वाचतो, आणि ज्याला दिसतं त्याच्यापेक्षा जोरात वाचतो. वाचून झालं की हळूच आमच्या तोंडाकडे बघतो, बरोबर आलं का म्हणून. काल बाबांनी माझ्याकडे तसं बघितलं.

मी काही म्हणत नाही. एखादी काकडी निघते कडू, एखाद्या दिवशी माणसाचं लक्ष नसतं. पण कालपासून माझं कशात चित्त नाही. आज एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचा चष्मा दिला, ते दारात आपटले.

गिऱ्हाईक आलं. थांबवते.


शनिवार, दुपार

ताई,

शिंपीणबाई हॉस्पिटलमध्ये आहेत. आता बऱ्या आहेत, उद्या सोडतील. पहिल्यांदा हे लिहिलं, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. माझा दोन दिवस लागला होता.

गुरुवारी बाबांनी त्यांना कुंपणावरून एक दुधी दिला. देताना फोड चाखून, 'पास' म्हणून दिला. बाईंनी भाजी केली आणि खाल्ली. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. त्यांना रिक्षात घालून मीच घेऊन गेले. कडू दुधी विषारी असतो हे मला तिथे कळलं. डॉक्टर विचारत होते, इतका कडू होता तर खाल्लात कशाला? आणि त्या बाई अर्धमेल्या अवस्थेत सांगताहेत, 'त्यांनी चाखून दिला होता हो. त्यांची जीभ चुकणार कशी? मला वाटलं, कडू म्हणजे पोटाला चांगला असेल.' भिडेपोटी सगळी वाटी संपवली त्यांनी.

दुधी कडू कसा झाला तेही सांगते, कारण तुम्ही विचारणारच. गेल्या वर्षी शिंपीणबाईंनी कुंपणाच्या त्यांच्या बाजूला शोभेचे तुंबे लावले होते, रंगवून विकायला. दुधी आणि तुंबा एकाच जातीचे, फक्त तुंबा कडू. मधमाशीला काय, ती इकडून तिकडे जाणारच. बाबांनी बी नेहमीप्रमाणे आपल्याच दुधीचं धरलं, विकतचं बी म्हणजे त्यांना अपमान वाटतो. त्या बियांतून या वर्षी एक-दोन वेल तुंब्यावर गेले. असं होऊ शकतं हे त्यांना चांगलं माहीत आहे. म्हणून तर फोड चाखायची पद्धत त्यांनीच घरात घातली. ती पद्धत आता चालत नाही, एवढंच.

मी आता गोल गोल बोलत नाही. बाबांना चव लागत नाही. थंडीत तो ताप येऊन गेला ना, त्यानंतर वासही गेला असावा, कारण गॅसवर दूध जळलं तरी ते शेजारी बसून पेपर वाचत असतात. माझ्या भाजीत मीठ कमी नव्हतं, ताई. सुरुवातीला तरी नव्हतं. जगातल्या कुठल्याच भाजीत त्यांना मीठ लागणार नाही, तुमच्या घरच्याही नाही.

त्यांना मी काही बोललेले नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर फक्त म्हटलं, दुधी कडू निघाला म्हणे. त्यांचा चेहरा एकदम लाल झाला. म्हणाले, 'मी स्वतः पास केला होता. शिळा करून खाल्ला असेल, नाहीतर तेल खराब असेल.' मग मागे गेले. मी खिडकीतून बघत होते. ते वेलीजवळ बराच वेळ नुसते उभे होते. नंतर एक फोड कापली, तोंडात टाकली, चावली. दुसरी कापली. मग तिसरी. मला बघवेना, मी धावत जाऊन त्यांना काहीतरी खोटंच सांगून आत बोलावलं, फोन आलाय म्हणून. फोन कुठलाच नव्हता. ते रिसीव्हर कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करत राहिले.

तुम्ही त्यांना घेऊन जाऊ नका. हे मी सोमवारी लिहिलं नाही, तेव्हा माझ्या अंगात वारं भरलं होतं. बाग हे एकच काम त्यांच्याकडे उरलंय. तुमच्याकडे सहाव्या मजल्यावर ते दिवसभर काय करतील? तुम्ही नवरा-बायको दोघं शाळेत, आणि हे लिफ्टनं खाली-वर.

उत्तर द्या.


मंगळवार, सकाळ

ताई,

उत्तर मिळालं. भावामार्फतच, पण या खेपेला सगळं पोचलं, बोट बंदरात होती ना.

तर तुमचं म्हणणं असं, की उभा जन्म ज्यांनी एवढ्या मोठ्या कारखान्याची चव सांभाळली त्यांची जीभ खोटी आणि कालपर्यंत ज्या मुलीला भात करता येत नव्हता तिची खरी. की स्वतःला रांधता येत नाही म्हणून मी म्हाताऱ्या माणसाच्या जिभेवर खापर फोडते. की हे सगळं 'रचलेलं' आहे. वा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मुख्याध्यापिका आहात, निदान चौकशी तरी करायची होती! शिंपीणबाईंना फोन करा. डॉक्टरांना करा. नाहीतर असं करा, रविवारी येताच आहात, तुमच्यासमोर त्यांना बिनमिठाची भाजी वाढते. अख्ख्या भाजीत चिमूटभरसुद्धा घालणार नाही. आणि मग बघा ते काय म्हणतात ते. मग तरी पटेल ना?

तुमच्या भावाला मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. तीन माणसांच्या भांडणात त्याला इंजिनाचा आवाज बरा वाटतो, मी त्याला दोष देत नाही.

बाबांना तुमच्या येण्याची तारीख पाठ आहे. त्यांनी बॅग अजून काढलेली नाही. काल मी विचारलं, बॅग काढून ठेवू का? तर म्हणाले, घेवड्याला पाणी कोण घालणार आहे ते आधी ठरव. मी म्हटलं, मी घालेन. 'तू?' म्हणाले, आणि हसले. पण लगेच गंभीर झाले आणि मला मांडवाखाली नेऊन दाखवलं, पाणी बुडाशी घालायचं, पानांवर उडवायचं नाही, शेंग कोवळी असताना खुडायची, वेल ओढायचा नाही. मिरचीला पाणी कमी. टोमॅटोची काखेतली, म्हणजे पानाच्या बेचक्यातली, फूट रोज खुडायची. पालक मुळासकट उपटायचा नाही, बाहेरची पानं घ्यायची. मी नुसती मान हलवत होते. मला ते ऐकायचंच नव्हतं. एवढं सगळं त्यांनी मला आजवर कधी शिकवलं नव्हतं आणि शिकवताहेत म्हणजे जायची तयारी चाललीय, हे माझ्या डोक्यातून जाईना.

राग आलाय म्हणून हे पत्र उद्यावर ठेवायला हवं. पण मी ठेवणार नाही, आत्ताच टाकते.


शनिवार, संध्याकाळ

ताई,

उद्या तुम्ही येताय, म्हणजे हे पत्र तुमच्या घरी पोचेल तेव्हा तुम्ही इथून परत गेलेल्या असाल. बाबा बरोबर असतील की नाही ते मला आत्ता माहीत नाही. तरी लिहिते, कारण नुसतं बसवत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसला. पायाला भिंगरी लागल्यासारखी घरभर फिरते आहे. शिंपीणबाई म्हणाल्या, बाई गं, तू बसशील का जरा, तुला बघून मला पुन्हा मळमळायला लागलंय.

बिनमिठाच्या भाजीचं मी रागात लिहिलं. तसं करणार नाही. लेकीसमोर बापाची परीक्षा घ्यायची आणि तो नापास होताना टाळ्या वाजवायच्या, एवढी काही मी हलकट नाही. उद्या व्यवस्थित स्वयंपाक करेन. तुम्हाला पटलं तर पटलं, नाही तर न्या त्यांना.

एक मात्र मी करते आहे, तुम्हाला म्हणून सांगते. शिंपीणबाई घरी आल्यापासून मी रोज सकाळी बाबा उठायच्या आधी मागे जाते आणि उतरवण्याजोग्या प्रत्येक काकडीला, प्रत्येक दुधीला देठाजवळ नख लावते आणि बोट चाटून बघते. कडू असेल ते फळ तिथल्या तिथे तोडून खड्ड्यात पुरते. म्हणजे त्यांच्या हातात येईल ते गोडच येईल, आणि त्यांनी 'पास' म्हटलं की ते खरंच पास असेल. माझ्या जिभेला आता चहाही कडू लागतो. कडू निघालेला वेल मुळाशी कापून टाकला आणि त्यांना सांगितलं, उंदरानं कुरतडला. त्यांनी मुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'उंदराचे दात बरेच सरळ आहेत.'

उद्या काय होईल कुणास ठाऊक. कपाटाचं कुलूप मी काढून टाकलंय. मिठाची बाटली टेबलावर, अगदी मध्यभागी ठेवणार आहे, तुम्हाला दिसेल अशी.


सोमवार, दुकानाला आज सुट्टी टाकली आहे

ताई,

तुम्ही मला काय समजून गेलात ते मला कळत नाहीये, म्हणून घाईघाईनं लिहिते आहे.

काल तुम्ही आलात तेव्हा रिकामी मोठी बॅग घेऊन आलात. ती दारात ठेवलीत. माझ्याशी पाण्याच्या ग्लासापुरतं बोललात. बाबांनी तुम्हाला मागे नेलं, एकेक झाड दाखवलं. तुम्हा दोघांचं तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मग आपण जेवायला बसलो. म्हणजे तुम्ही दोघं बसलात, मी वाढत होते.

बाबांनी दुधीच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि लगेच म्हणाले, 'आज भाजी फक्कड झाली आहे. मीठ अगदी बरोबर पडलंय.' मला म्हणाले नाहीत, तुम्हाला म्हणाले. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझ्या भाजीला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी ओट्याकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात तुम्ही घास घेतलात, ते मी बघितलं नाही. मला फक्त तुमचा आवाज आला, जरा वेळानं. 'हो बाबा. बरोबर आहे.' मग तुम्ही आणखी भाजी मागितलीत, आणि मी वाढली. तुम्ही सगळी संपवलीत. मिठाची बाटली तुमच्या हाताशी होती. तुम्ही तिला हात लावला नाहीत.

आणि चार वाजता तुम्ही उठलात, बॅग रिकामीच उचललीत आणि म्हणालात, 'टोमॅटो आत्ताशी पिकायला लागलेत, ते टाकून कुठे येणार तुम्ही. राहा इथेच.' तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि निघून गेलात. मला वाटलं, भाजी आवडली म्हणून तुमचं मन फिरलं. एवढी खुळी मी. तुम्ही गेल्यावर शेवटी मी जेवायला बसले. उरलेली भाजी वाढून घेतली आणि पहिला घास तोंडात घातला.

त्यात मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच.

ताई, देवाशपथ सांगते, मी ते मुद्दाम केलं नाही. मंगळवारच्या पत्रात मी तसं लिहिलं होतं, ते तुम्हाला मिळालं होतं, आणि शनिवारचं अजून मिळालेलं नव्हतं. म्हणजे तुम्ही तो घास तोंडात घातलात तेव्हा तुम्हाला वाटलं असणार की केलंन हिनं बोलल्याप्रमाणे. आणि तरीही तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्याकडे बघितलं नाहीत, मीठ मागितलं नाहीत, त्यांच्यासमोर खाली मान घालून सगळं खाल्लंत. मी तुमच्या जागी असते तर ताट भिरकावलं असतं.

मीठ राहिलं ते का, तेही सांगते. सांगायलाच हवं.

तुम्ही यायच्या थोडं आधी मी कांदा परतत होते. बाबा मागच्या दारानं आत आले. हातात दुधी होता. नेहमी बाहेरच फोड चाखतात आणि पास झालेलाच आत आणतात, पण हा अख्खा होता, कापलेला नव्हता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, खिशातून चाकू काढला, देठाकडची फोड काढली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाले, 'तू बघ.'

मी म्हटलं, तुम्हीच बघा ना बाबा. तर म्हणाले, 'तू रोज सकाळी नख लावतेस. नखानं फळ डागाळतं, दोन दिवसांत कुजायला लागतं. त्यापेक्षा इथेच चाखत जा.' मी फोड तोंडात टाकली. गोड होती. मी सांगितलं, गोड आहे. 'नक्की?' म्हणाले. मी म्हटलं, नक्की. त्यांनी चाकू पुसला, मिटला, पण खिशात घातला नाही. माझ्या ओट्यावर, माझ्या बाजूला ठेवला. मग पाठमोरे झाले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, 'तिला सांगू नकोस. ती सगळ्यांना सांगायची, माझ्या बाबांची जीभ म्हणून.'

मी 'नाही सांगणार' म्हटलं. आधीच तुम्हाला सगळं लिहून मोकळी झाले होते, तरी म्हटलं. माझे डोळे इतके भरून आले होते की मला कढईसुद्धा दिसत नव्हती. त्या नादात मीठ राहिलं. दुसरं कारण नाही.

आता माझं एकच मागणं आहे. शनिवारचं पत्र मिळेल, ते वाचा आणि फाडून टाका. त्याआधीची पत्रंही फाडा, हेही फाडा. ते दर आठवड्याला फोन करतील तेव्हा जेवणाचं नक्की सांगतील. कालपासून त्यांनी मनावर घेतलंय, आज सकाळी साधा पाव खाऊन मला म्हणाले, आज पाव चांगला भाजलाय. तुम्ही विचारायचं, आज काय होतं बाबा, कसं झालं होतं? आणि ते सांगतील ते सगळं खरं मानायचं. तुम्हाला यातलं काहीही माहीत नाही.